डॉक्टरांनी ट्रायलचं नावही का काढलं नाही?

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील ५८ वर्षांचे, तोंडाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला आणि नऊ महिन्यांनी गाठ परत आली. गावाकडच्या डॉक्टरांनी लगेच केमो सुरू केली. दोन डोस झाल्यावर ती वडिलांना घेऊन मुंबईला गेली. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, “केमो सुरू व्हायच्या आधी आला असतात, तर हे एका ट्रायलमध्ये बसले असते.” तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विचार आहे. आमच्या डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं, की माहीत असून पैशासाठी त्यांनी ते सांगितलं नाही?

ताई, मी गेली २२ वर्षं पश्चिम महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी कर्करोगाचे रुग्ण बघते आणि केमोथेरपी देते. शिकले मुंबईत, परळच्या मोठ्या रुग्णालयात. त्यामुळे ट्रायलची संमती घेतात त्या खोलीत मी बसलेली आहे आणि जिथून रुग्णाला ट्रायलसाठी पाठवायचं असतं त्या खुर्चीत तर रोजच बसते. तुमच्या डॉक्टरांच्या मनात काय होतं ते मला कळणार नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर काय काय होतं, ते सांगू शकते.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. ट्रायल म्हणजे रुग्णांच्या संमतीने उपचार तपासून बघणारा अभ्यास. बहुतेक ट्रायलचं दार नवा उपचार सुरू होण्यापूर्वीचे दहा-पंधरा दिवसच उघडं असतं. दोन उपचारांची तुलना करायची, तर सगळे रुग्ण एकाच रेषेवरून निघायला हवेत. एखाद्याला आधीच दोन केमो मिळाल्या असतील, तर पुढे गाठ कमी झाली ती जुन्या औषधाने की नव्या, हे कुणाला सांगता येणार? म्हणून “या टप्प्यावर आधी केमो झालेली नसावी” ही अट बऱ्याच ट्रायलमध्ये असते. आणि नेमके हेच दहा-पंधरा दिवस घरच्यांसाठी सर्वांत घाबरवणारे असतात. रिपोर्ट हातात आलेला असतो, रात्री झोप नसते, नातेवाईक म्हणत असतात, “कशाची वाट बघताय?” डॉक्टरलाही वाटतं की दिवस वाया घालवू नयेत. डे-केअरमध्ये खाट रिकामी असते, जनआरोग्य योजनेची मंजुरी आलेली असते. डॉक्टर म्हणतात, “उद्या सकाळी उपाशी या, सुरू करू.” सगळ्यांना हायसं वाटतं आणि त्याच क्षणी ते दार बंद होतं. कुणी ते ओढून घेतलेलं नसतं. ते उघडं होतं हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

शस्त्रक्रियेचंही तसंच. स्तनातली गाठ गावातल्या सर्जनने “छोटी आहे, काढून टाकू” म्हणून अर्धवट काढली, गाठीचा तुकडा तपासायलाच पाठवला नाही, किंवा पाठवला पण त्याचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे, लॅबमध्येच हरवले. अशी बाई मोठ्या केंद्रात पोचते तेव्हा अनेक ट्रायलच्या अटींतून ती आधीच बाहेर पडलेली असते.

आता डॉक्टरांकडे वळते.

पहिलं कारण साधं आहे: माहीत नसतं. आपल्या देशात ट्रायलची सरकारी नोंदवही आहे. सीटीआरआय म्हणतात तिला. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून भारतातल्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची तिथे आगाऊ नोंद करणं सक्तीचं झालं. नोंद कुणालाही फुकट बघता येते. पण सकाळच्या ओपीडीत ६० रुग्ण असताना तिथे जाऊन शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. ट्रायल “सुरू” दिसते, फोन केला तर भरती कधीच संपलेली असते. एखादी खरंच सुरू असते, पण ज्या केंद्रात आपल्याला पाठवता येईल तिथे ती अजून उघडलेली नसते. दहा वेळा असं झालं की अकराव्या वेळी माणूस शोधत नाही.

या विषयावर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथल्या अनेक अभ्यासांची बेरीज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के रुग्णांसाठी, ते जिथे उपचार घेत होते त्या ठिकाणी ट्रायलच नव्हती. आणखी साधारण २२ टक्के अटींमध्ये बसत नव्हते. म्हणजे दहातल्या जवळपास आठ जणांपर्यंत प्रश्न पोचण्याची वेळच आली नव्हती. पण त्याच अभ्यासकांचं पुढचं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: ज्यांना थेट विचारलं गेलं, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. “रुग्णच तयार होत नाहीत” हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी परिषदांमध्ये सर्रास बोलतो. मीही बोलले आहे. ते खरं नाही. विचारलं तर लोक येतात. अडतं ते विचारण्यापाशी.

पैशाबद्दल तुम्ही विचारलंत, तर मी ते टाळणार नाही. हो, पैसा आहे. केमोच्या प्रत्येक डोसमागे रुग्णालयाला उत्पन्न असतं, मग ते खासगी बिल असो की योजनेचं पॅकेज. रुग्ण ट्रायलला गेला की ते सगळं जातं. काही ठिकाणी पगारी डॉक्टरांवर महिन्याच्या आकड्यांचं ओझं असतं, हे मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्याची मला चीड येते. पण माझ्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी “हा गेला तर माझे एवढे बुडतील” असा हिशेब करून गप्प बसणारे थोडे आहेत. जास्त करून होतं असं की पाठवण्यात डॉक्टरचा तोटा असतो आणि न पाठवण्यात काहीच जात नाही. न पाठवल्याबद्दल कुणी विचारत नाही, कुठे नोंद होत नाही, तक्रार होत नाही. ज्या कामाला मेहनत लागते आणि जे न केल्याने काही बिघडलेलं दिसत नाही, ते दमलेल्या माणसाच्या हातून राहतं.

शिवाय पाठवलेला रुग्ण परत येत नाही. त्याच्याबद्दल साधं पत्रसुद्धा येत नाही. मी एका मोठ्या केंद्रात रुग्ण पाठवत असे. चार ओळींचं पत्र सोबत देत असे, कधी फोनही करत असे. तिथून एकदाही उत्तर आलं नाही. एका रुग्णाचं काय झालं ते मला बाजारात त्याचा भाऊ भेटला तेव्हा कळलं. त्याहून वाईट म्हणजे तिथला एखादा तरुण निवासी डॉक्टर रुग्णासमोरच म्हणतो, “इतके दिवस काय करत होतात? आधी कुणी हे दिलं?” त्या एका वाक्याने गावातल्या डॉक्टरची वीस वर्षांची पत जाते. तालुक्याच्या गावात पत हीच मिळकत असते. पुढच्या वेळी तोच डॉक्टर रुग्ण पाठवताना दहादा विचार करणार. मोठ्या केंद्रातले लोक विचारतात, “बाहेरचे डॉक्टर रुग्ण उशिरा का पाठवतात?” त्यांनी आधी आपल्या ओपीडीत काय बोललं जातं ते ऐकावं.

आता जे सांगणार आहे ते मला जड जातं, पण सांगायलाच हवं, कारण माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे. आम्ही रुग्णाच्या वतीने ठरवून टाकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतमजूर आला. वय ४६, जिभेचा कर्करोग परत आलेला, पण अंगाने धडधाकट, रोज कामाला जाणारा. त्याच्या आजाराला लागू पडेल अशी एक ट्रायल मुंबईत सुरू आहे, हे मला माहीत होतं. महिनाभर आधीच एका बैठकीत तिची माहिती मिळाली होती. मी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या बायकोच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघितलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. दर तीन आठवड्यांनी मुंबई. मजुरी बुडणार. दोन पोरं लहान. इंग्रजीतले रिपोर्ट, मोठं रुग्णालय, रांगा. यांना नाही झेपणार. मी तोंड उघडलं नाही. नेहमीची केमो सुरू केली.

चार महिन्यांनी डे-केअरमध्ये त्याच्या बायकोला शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून कळलं की मुंबईला असं काही चालतं. ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, “आधी सांगायचं हुतं की, बाई. आमी गेलो असतो.” तिचा भाऊ मुंबईजवळ कळंबोलीला ट्रक भरायच्या कामावर होता, राहायची सोय होती. मी विचारलंच नव्हतं. तो ट्रायलमध्ये गेला असता तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. कुणाला काय मिळेल हे आधी कळत असतं, तर ट्रायल करायची वेळच आली नसती. पण जायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा होता आणि तो मी घेतला. दयेपोटी घेतला म्हणून तो कमी चुकीचा ठरत नाही.

त्यानंतर मी हा हिशेब मनात करणं सोडलं. रुग्णासमोर करते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत सवलत आहे, स्लीपरचं तिकीट तर त्याला पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसालाही मोठी सूट मिळते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी दादरला उतरतो. हे सगळं सांगूनही अनेक जण “नको, इथंच बघा” म्हणतात आणि ते त्यांचं उत्तर असतं. पण अंगठा लावणारा माणूस ट्रायल समजून घेऊ शकत नाही, हा समज माझ्या डोक्यातून कायमचा गेला. बियाण्याच्या दोन जाती शेजारच्या दोन वाफ्यांत लावून बघणारा शेतकरी तुलना म्हणजे काय ते कुणाकडून शिकायला जात नाही.

इथे शब्दांचीही अडचण आहे. मराठीत “चाचणी” म्हटलं की रुग्णाला रक्ताची तपासणी वाटते. “प्रयोग” म्हटलं की घरचे उठून उभे राहतात: “आमच्या माणसावर प्रयोग नको.” संमतीपत्राच्या भाषांतरात “यादृच्छिकीकरण” असा शब्द असतो. तो वाचताना मीच अडखळते. मी सांगते, “दोन उपचार आहेत. दोन्ही चांगले आहेत, पण जास्त चांगला कुठला हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला कुठला द्यायचा हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. चिठ्ठी निघेल.” चिठ्ठी लगेच कळते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग आमच्या वाट्याला साखरेची गोळी आली तर?” कर्करोगात चांगला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती साखरेची गोळी देत नाहीत. सहसा एका बाजूला आजवरचा उपचार असतो आणि दुसऱ्या बाजूला नवा, किंवा आजवरच्या उपचारात काही भर घातलेला. एवढं सांगायला, प्रश्न घ्यायला, मुलाला फोनवर पुन्हा सांगायला ४० मिनिटं लागतात. ओपीडीत एका रुग्णाला आठ मिळतात.

आणि त्या चिठ्ठीच्या वाक्यात डॉक्टरसाठी एक काटा आहे. “कुठला उपचार चांगला हे मला माहीत नाही” हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरकडे येतो तो “तुम्ही सांगाल ते” असं म्हणत. त्याला “माहीत नाही” कसं सांगायचं? बऱ्याच डॉक्टरांना भीती वाटते की तो उठून दुसरीकडे जाईल. काहींना तर खरंच वाटत असतं की आपल्याला माहीत आहे.

त्यांच्यासाठी मी परळच्या टाटा रुग्णालयातल्या दोन गोष्टी सांगते. स्तनाचा कर्करोग हाडात, यकृतात पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढली तर बाई जास्त जगते, असं जगभरच्या अनेक सर्जननी मानलं होतं. ऐकायला किती पटतं! टाटामध्ये ३५० स्त्रियांची ट्रायल झाली, निकाल २०१५ मध्ये आला: आयुष्यात फरक पडला नाही. किती जणींचं मोठं ऑपरेशन त्याने वाचलं असेल. दुसरी गोष्ट तुमच्या वडिलांच्याच आजारातली. तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावं? यावर अनेक दशकं सर्जनमध्ये दोन तट होते आणि दोघांनाही खात्री होती. टाटामध्ये चिठ्ठी काढून बघितलं. तीन वर्षांनी आधी गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हाही निकाल २०१५ चाच. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात तोंडाच्या ऑपरेशनसोबत मानेच्या गाठी काढतात, त्यामागे त्या ५०० रुग्णांचं देणं आहे. तुमच्या वडिलांच्या मानेवरचा व्रण बघाल तेव्हा हे आठवा.

अशी आणखी उदाहरणं आहेत आणि ती आपल्या खिशाशी जुळणारी आहेत. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं, औषध पूर्ण मात्रेत घेणं आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी पूर्ण मात्रेच्या साधारण ६ टक्के, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिलं. परत आलेल्या किंवा पसरलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगात वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण जवळपास १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. कुठली औषध कंपनी स्वतःहून “आमचं औषध कमी द्या” अशी ट्रायल करेल? स्तनाच्या ऑपरेशनपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देण्याची ट्रायलही अशीच. दाताच्या दवाखान्यात मिळणारं, अगदी स्वस्त औषध. १६०० च्या आसपास स्त्रिया सहभागी झाल्या आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलं. गावोगावचे डॉक्टर रुग्ण पाठवणार नसतील, तर आपल्या लोकांच्या आजाराचे हे प्रश्न दुसरं कोण सोडवणार?

एक कारण मात्र डॉक्टरच्या खुर्चीत नाही, घरात आहे. मुलगा आधी एकटा आत येतो, दार लावतो आणि म्हणतो, “मॅडम, आईला सांगायचं नाही. तिला साधी गाठ आहे एवढंच सांगितलंय.” महिन्यातून किती वेळा हे ऐकते याची मोजदाद नाही. नेहमीच्या उपचारात हे कसंबसं निभावून नेलं जातं, ते योग्य नसलं तरी. ट्रायलमध्ये अजिबात जमत नाही. संमती रुग्णाची स्वतःची लागते. आजाराचं नाव, दुसरे कुठले उपचार आहेत, धोके काय, सगळं त्याला कळलं पाहिजे, मग सही. काही ट्रायलमध्ये तर हा संवाद चित्रित करावा लागतो. ज्या बाईला आपल्याला कर्करोग आहे हेच ठाऊक नाही, तिच्यापुढे मी संमतीपत्र कसं ठेवू? मुलाचं प्रेम मला दिसतं. पण त्या प्रेमाने आईचा एक रस्ता बंद झालेला असतो, आणि मी ट्रायलचं नाव न काढण्याची हीसुद्धा एक वेळ असते. आता मी मुलाला बसवून विचारते, “आईला काय ठाऊक आहे, हे तुम्ही तिला कधी विचारलंय?” निम्म्या वेळा आईला सगळं माहीत असतं. मुलाला त्रास नको म्हणून ती गप्प असते.

माझ्या पिढीच्या डॉक्टरांच्या मनात जुनी भीतीही आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या मुलींवरचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प वादात सापडून थांबला, मग संसदीय समितीचे ताशेरे, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी. २०१३ च्या सुमाराला नव्या ट्रायलच्या मंजुऱ्या झपाट्याने घटल्या. त्या काळात “ट्रायल” म्हणजे वर्तमानपत्रात फोटो येणार, एवढंच आम्ही शिकलो. जे गैरप्रकार उघड झाले ते उघड व्हायलाच हवे होते. त्यातूनच मार्च २०१९ चे नवे नियम आले: ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार, नुकसानभरपाईचं ठरलेलं सूत्र, ट्रायलला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीची नोंदणी, कधीही कारण न देता बाहेर पडायची मुभा. नियम बदलले, पण भीती अजून तिथेच आहे.

आणि कधीकधी डॉक्टर पाठवत नाही ते बरोबर असतं. गाठीने श्वासनलिका दाबली आहे, मणक्यातला कर्करोग मज्जारज्जूवर आला आहे आणि पाय लुळे पडत चालले आहेत, अशा वेळी ट्रायल शोधत बसणारा डॉक्टर रुग्णाचं नुकसान करेल. जो अर्ध्याहून जास्त दिवस अंथरुणात आहे, ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत, त्याला बहुतेक ट्रायल घेतही नाहीत आणि मुंबईच्या फेऱ्यांनी त्याचे हाल होतात. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये तर औषध किती मात्रेत सुरक्षित आहे एवढंच बघायचं असतं, बरं होण्याची हमी तिथे कुणी देत नाही. तेव्हा “ट्रायल मिळाली म्हणजे उत्तम उपचार मिळाला” असं समजू नका. तो एक जास्तीचा रस्ता आहे आणि तो आपल्यासाठी आहे की नाही, हे विचारायला मिळालं पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. कुणी तुम्हाला “नवी ट्रायल आहे, पेशींचं इंजेक्शन आहे, चार लाख भरा” म्हणालं तर उठून या. ट्रायलमधलं नवं औषध सहभागी रुग्णाला विकत नाहीत. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा, नीतिसमितीचा फोन नंबर मागा. माहितीपत्रकाची प्रत तुमच्या हातात आलीच पाहिजे. मात्र टाटासारख्या ठिकाणच्या काही शैक्षणिक ट्रायलमध्ये नेहमीच्या उपचाराचा खर्च रुग्णाकडे राहू शकतो, म्हणून “फुकट काय आणि आमच्याकडे काय?” हे आधीच स्पष्ट विचारा. आरोग्य विमा असेल तर त्यांनाही विचारा, कारण सिद्ध न झालेले उपचार बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेले असतात.

तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोला. भांडायला जाऊ नका. मला त्या शेतमजुराच्या बायकोने जसं सांगितलं तसं सांगा. त्या एका वाक्याने माझ्या ओपीडीत बदल झाला. आता प्रत्येक नव्या किंवा परत आलेल्या कर्करोगाच्या फाइलवर, पहिली केमो लिहिण्याआधी, मी वरच्या कोपऱ्यात “ट्रायल विचारली?” असं लिहिते आणि पुढे हो किंवा नाही. माझी सिस्टर आता ते रिकामं दिसलं तर औषध भरत नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग केंद्रांचं जाळं २०१२ पासून आहे, देशातली ३०० हून अधिक केंद्रं त्यात आहेत. अवघड रुग्णांबद्दल तिथल्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डात, म्हणजे तज्ज्ञांच्या एकत्र चर्चेत, बोलता येतं आणि त्या बोलण्यात कुठे काय सुरू आहे तेही कळतं. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर सांगा.

राहिले वडील. “आता नाही बसत” हे त्या एका ट्रायलबद्दल होतं. आधीच्या केमोनंतर आजार वाढला तर काय द्यायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याच्या वेगळ्या ट्रायल असतात. त्यांत आधी केमो झालेली असणं हीच अट असते. म्हणून पुढचं स्कॅन झालं की, उपचार बदलण्याआधी, त्याच मुंबईच्या ओपीडीत पुन्हा जा आणि विचारा, “या टप्प्यासाठी काही सुरू आहे का, इथे किंवा दुसरीकडे?” जाताना पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही, नव्या तपासण्या ब्लॉकवरच होतात. लॅबने ते द्यायला आठवडा लावला तर लावू दे, पण अर्ज आजच द्या. शेकाचा पूर्ण तपशील, किती दिवस आणि किती मात्रा, रेडिएशन विभागाकडून लेखी घ्या. केमोच्या दोन्ही डोसांची तारीख, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम डिस्चार्ज कार्डावर नीट आहेत का बघा. वजन उतरू देऊ नका, गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीला नाही म्हणू नका, कारण अंगात ताकद असेल तरच पुढचं काही करता येतं. आणि हे सगळं चालू असताना वडिलांना शेजारी बसवून घ्या, म्हणजे विचारायची वेळ येईल तेव्हा त्यांना स्वतःला उत्तर देता येईल.